'हॅविंग सिक्स इयर्स एक्स्पीरियन्स' : कामाचा अनुभव इंग्रजीत नेमका कसा लिहावा?

प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकलचा डिप्लोमा, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत क्वालिटी विभागात काम. पहिली नोकरी जुलै 2018 ते मार्च 2021, दुसरी मे 2021 पासून आजतागायत. रेझ्युमेच्या वरच्या भागात तीन वाक्यं लिहिली आहेत: 'आय ॲम हॅविंग सिक्स इयर्स एक्स्पीरियन्स ऑफ क्वालिटी', 'आय ॲम वर्किंग इन ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री सिन्स लास्ट सिक्स इयर्स' आणि 'आय हॅव मेनी एक्स्पीरियन्सेस ऑन सीएमएम' (सीएमएम म्हणजे पार्टची मापं अचूक मोजणारं यंत्र). यातलं कुठलं बरोबर आणि परदेशातल्या कंपनीला पाठवताना काय बदलायचं?

तिन्ही बदलावी लागतील. घाईत असाल तर एवढंच घ्या: 'आय हॅव सिक्स इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स इन ऑटोमोटिव्ह क्वालिटी कंट्रोल.' भारतात, आखातात, युरोपात, कॅनडात, कुठेही हे वाक्य चालतं. आता एकेका चुकीकडे बघू. या चुका इंग्रजी येत नाही म्हणून होत नाहीत. मराठी वाक्य मनात पूर्ण तयार असतं आणि त्याच्या खाली इंग्रजी शब्द मांडले जातात, तिथे होतात.

'आय ॲम हॅविंग' पहिल्यांदा काढा. 'हॅव' जेव्हा 'जवळ असणं' या अर्थाने येतं तेव्हा त्याला 'आयएनजी' लागत नाही. अनुभव, पदवी, परवाना, भाऊ-बहीण या सगळ्यांना साधं 'आय हॅव'. 'आय ॲम हॅविंग लंच' चालतं, कारण तिथे जेवण्याची क्रिया चालू आहे. अनुभव असणं ही क्रिया नव्हे. आपल्याकडच्या एचआरला याचं काही वाटत नाही, त्यांच्या स्वतःच्या मेलमध्येही तेच असतं. बाहेरच्या वाचकाला मात्र पहिल्याच ओळीत खटकतं, आणि रेझ्युमेची पहिली ओळ खटकणं महागात पडतं.

याचीच दोन भावंडं. 'आय ॲम सिक्स इयर्स एक्स्पीरियन्स्ड' असं कोणी म्हणत नाही. 'एक्स्पीरियन्स्ड' विशेषण म्हणून वापरायचं तर वर्षांशिवाय: 'आय ॲम एक्स्पीरियन्स्ड इन इन-प्रोसेस इन्स्पेक्शन' किंवा 'ॲन एक्स्पीरियन्स्ड क्वालिटी इन्स्पेक्टर'. आणि 'आय हॅव एक्स्पीरियन्स्ड इन क्वालिटी' हे तर भलतंच होतं, कारण क्रियापद म्हणून 'एक्स्पीरियन्स' म्हणजे भोगणं, सोसणं, अनुभवणं. त्याच्यापुढे अडचण, वेदना, भूकंप असं काहीतरी येतं. स्पेलिंगही एकदा तपासा. शब्दाचा शेवट ई-एन-सी-ई असा आहे. ए-एन-सी-ई लिहिलेले रेझ्युमे आश्चर्य वाटावं इतके दिसतात.

वर्षांपुढे 'ऑफ' घालायचं की नाही? दोन्ही बरोबर आहेत, पण चिन्ह वेगळं. 'ऑफ' घातलं तर 'इयर्स'ला ॲपॉस्ट्रॉफी नको. 'ऑफ' नसेल तर 'एस'च्या नंतर ॲपॉस्ट्रॉफी हवा. एकच वर्ष असेल तर तो 'एस'च्या आधी येतो. प्रत्यक्षात हा ॲपॉस्ट्रॉफी कुठेतरी सुटतो किंवा चुकीच्या जागी बसतो, म्हणून माझा सल्ला 'ऑफ' असलेल्या रूपाचा: त्यात चुकायला जागाच नाही. 'एक्स्पीरियन्स ऑफ सिक्स इयर्स' हे चूक नाही, पण टेंडरच्या अटींसारखं वाटतं. 'अ सिक्स-इयर एक्स्पीरियन्स' मात्र टाळाच. त्याचा अर्थ सहा वर्षं चाललेला एकच प्रसंग असा होतो.

'मेनी एक्स्पीरियन्सेस'ची गंमत अशी की हा शब्द दोन प्रकारे वापरला जातो. कामातून मुरलेलं ज्ञान म्हणून तो मोजता येत नाही, म्हणून त्याला अनेकवचन नाही: 'अ लॉट ऑफ एक्स्पीरियन्स', 'सम एक्स्पीरियन्स', 'मोअर एक्स्पीरियन्स'. आयुष्यात आलेले बरे-वाईट प्रसंग मोजता येतात, तिथे 'एक्स्पीरियन्सेस' चालतं. 'कस्टमरच्या प्लांटमध्ये महिनाभर राहणं हा चांगला अनुभव होता' हे 'इट वॉज अ गुड एक्स्पीरियन्स', तिथे 'अ' हवाच. 'आय हॅव गुड एक्स्पीरियन्स इन ऑडिट्स' म्हणताना 'अ' नको. क्वालिटीवाल्यांच्या रेझ्युमेत न मोजता येणारे असेच आणखी शब्द सापडतात: 'ट्रेनिंग्ज', 'इक्विपमेंट्स', 'मशिनरीज', 'सॉफ्टवेअर्स', 'फीडबॅक्स', 'नॉलेजेस'. सगळे एकवचनीच लिहा. संख्या सांगायचीच असेल तर 'ट्रेनिंग सेशन्स', 'मशीन्स', 'सॉफ्टवेअर पॅकेजेस' असं लिहा.

आता 'इन', 'विथ', 'ऑफ', 'ॲज', 'ऑन'. मराठीत हे काम बऱ्याचदा एकट्या षष्ठीवर भागतं. क्वालिटीचा अनुभव, मशीनचा अनुभव, सुपरवायझरचा अनुभव, सगळीकडे 'चा'. इंग्रजीत पुढे काय आहे त्यावर शब्द बदलतो. क्षेत्र किंवा कामाचा प्रकार असेल तर 'इन': 'एक्स्पीरियन्स इन क्वालिटी कंट्रोल', 'एक्स्पीरियन्स इन इन्स्पेक्टिंग कास्टिंग्ज'. साधन, यंत्र, सॉफ्टवेअर, पद्धत किंवा माणसं असतील तर 'विथ': 'विथ हाइट गेजेस', 'विथ एसपीसी' (आकडेवारीने प्रक्रियेवर नियंत्रण ठेवण्याची पद्धत), 'विथ जॅपनीज कस्टमर्स'. पद असेल तर 'ॲज', आणि पदाच्या आधी 'अ' किंवा 'ॲन': 'ॲज अ क्वालिटी इन्स्पेक्टर', 'ॲज ॲन इन्स्पेक्शन इंजिनिअर'. मराठीत असं काही नसल्याने हे 'अ' सर्रास गळतं. 'ऑफ' ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत आयएनजी लावलेल्या क्रियापदापूर्वी छान बसतं: 'एक्स्पीरियन्स ऑफ लीडिंग अ शिफ्ट टीम'. नुसतं 'एक्स्पीरियन्स ऑफ क्वालिटी' म्हणजे मात्र दर्जाचा प्रत्यय आला असा काहीसा अर्थ निघतो. 'एक्स्पीरियन्स ऑन सीएमएम' शॉप फ्लोअरवर सगळे बोलतात आणि समजतंही, पण कागदावर 'विथ' सुरक्षित. 'एक्स्पीरियन्स अबाउट' आणि 'एक्स्पीरियन्स फॉर' या जागी कधीच नको.

कंपनीच्या नावापुढे काय लावायचं यावरही गोंधळ असतो. 'वर्क्ड ॲट' किंवा 'वर्क्ड फॉर' निर्धास्त वापरा. 'वर्क्ड विथ' आपल्याकडे नोकरीसाठी चालतं, पण परदेशी वाचकाला कधी कधी तुम्ही त्या कंपनीसोबत पुरवठादार किंवा सल्लागार म्हणून काम केलं असं वाटतं. 'वर्क्ड अंडर मिस्टर अमुक' ऐवजी 'रिपोर्टेड टु द क्वालिटी मॅनेजर', तेही नाव न घेता. तुम्ही कंत्राटदाराच्या पे-रोलवर असाल तर ते इथेच स्पष्ट करा. नोकरीवर ठेवणारा म्हणून कंत्राटदार संस्थेचं नाव आणि पुढे 'असाइन्ड टु' लिहून कारखान्याचं नाव. 'ऑफ-रोल' हा शब्द बाहेर कोणाला कळत नाही, आणि फक्त कारखान्याचं नाव लिहिलंत तर पडताळणीच्या वेळी त्यांच्या यादीत तुम्ही सापडत नाही. मग काम खरं केलेलं असूनही खोटं ठरतं.

सगळ्यात जास्त घोळ काळाचा होतो. 'मी सहा वर्षांपासून इथे काम करतोय' या मराठी वाक्यात क्रियापद वर्तमानकाळी आहे आणि 'पासून' एकच शब्द आहे. मग इंग्रजीत 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स सिक्स इयर्स' येणारच. इंग्रजीत 'पासून'चे दोन तुकडे पडतात. काळाचा ठरावीक बिंदू असेल, म्हणजे 2021, मे महिना, डिप्लोमा संपला तो दिवस, तर 'सिन्स'. कालावधीची लांबी असेल, म्हणजे सहा वर्षं, आठ महिने, तर 'फॉर'. 'लास्ट सिक्स इयर्स' ही लांबीच आहे, म्हणून 'फॉर द लास्ट सिक्स इयर्स', आणि त्यातला 'द' विसरू नका. 'फ्रॉम लास्ट सिक्स इयर्स' हे 'गेल्या सहा वर्षांपासून'चं शब्दशः रूप आहे, ते इंग्रजीत नाही. 'फ्रॉम' वापरायचं तर दोन्ही टोकं द्या: 'फ्रॉम जुलै 2018 टु मार्च 2021'.

क्रियापदही बदलतं. पूर्वी सुरू होऊन अजून चालू असलेल्या कामाला 'आय हॅव बीन वर्किंग' किंवा 'आय हॅव वर्क्ड'. संपलेल्या कामाला साधा भूतकाळ, 'आय वर्क्ड'. इथे खरा धोका आहे. पहिली नोकरी सोडून काही वर्षं झाली आणि मुलाखतीत तुम्ही म्हणालात, 'आय हॅव वर्क्ड देअर फॉर टू इयर्स अँड नाइन मन्थ्स', तर समोरचा समजतो तुम्ही अजून तिथेच आहात. मग तो रेझ्युमेवरच्या तारखा पुन्हा बघतो. खोटं काही बोललेलं नसताना शंका मात्र निर्माण होते. साल उच्चारलं की साधा भूतकाळ, हे डोक्यात पक्कं ठेवा: 'आय जॉइन्ड इन 2018', 'आय कम्प्लीटेड माय डिप्लोमा इन 2018'. 'आय हॅव कम्प्लीटेड माय डिप्लोमा इन 2018' चूक, पण साल काढून 'आय हॅव कम्प्लीटेड माय डिप्लोमा' बरोबर.

'यूज्ड टु'कडेही लक्ष द्या. 'आय यूज्ड टु चेक इन्कमिंग मटेरियल' म्हणजे पूर्वी करायचो, आता करत नाही. सध्याच्या नोकरीबद्दल हे वापरलंत तर काम काढून घेतलं असा अर्थ होतो. 'दोन वर्षांपूर्वी' म्हणजे 'टू इयर्स अगो'. 'बिफोर टू इयर्स' नाही. 'टिल डेट' आपल्या सरकारी पत्रव्यवहारातलं आहे, रेझ्युमेत 'मे 2021 – प्रेझेंट' लिहा. 'प्रेझेंटली' ऐवजी 'करंटली' घ्या, कारण जुन्या ब्रिटिश वापरात 'प्रेझेंटली' म्हणजे 'थोड्याच वेळात'.

रेझ्युमेच्या मुद्द्यांत 'आय' लागत नाही, थेट क्रियापदाने सुरुवात करा. जुन्या नोकरीखाली सगळी भूतकाळी: 'इन्स्पेक्टेड', 'रेकॉर्डेड', 'ट्रेन्ड'. चालू नोकरीखाली रोजची कामं वर्तमानकाळी, पण होऊन गेलेली गोष्ट, उदाहरणार्थ गेल्या वर्षी संपवलेली सुधारणा, भूतकाळीच. एकाच यादीत दोन काळ दिसले म्हणून घाबरू नका, ते बरोबर आहे. 'लीड'चा भूतकाळ 'लेड', स्पेलिंग एल-ई-डी. एल-ई-ए-डी लिहिलं की भूतकाळाच्या यादीत वर्तमानकाळ घुसतो, आणि 'लेड' असं वाचायचं ठरवलं तर ते शिसं होतं. वर्तनी तपासणाऱ्या प्रोग्रॅमला दोन्ही शब्द माहीत असतात, त्यामुळे तो काही सांगत नाही.

आता वर्षं मोजू. जुलै 2018 ते मार्च 2021, दोन्ही महिने धरून 33 महिने, म्हणजे 2 वर्षं 9 महिने. दुसरी नोकरी डिसेंबर 2024 अखेरपर्यंत धरली तर मे 2021 पासून 44 महिने, म्हणजे 3 वर्षं 8 महिने. एकूण 77 महिने, म्हणजे 6 वर्षं 5 महिने. आपल्याकडे बरेच जण हे '6.5 इयर्स' असं लिहितात. गणिताने 6.5 म्हणजे सहा वर्षं सहा महिने. 77 ला 12 ने भागा, 6.4 येतं. इथे फरक महिन्याचाच आहे, पण '5.11 इयर्स' लिहिणारेही असतात. त्यांना 5 वर्षं 11 महिने म्हणायचं असतं आणि वाचणाऱ्याला ते पाच वर्षं आणि महिना-सव्वा महिना दिसतं. जवळजवळ एक वर्ष हातचं जातं. ऑनलाइन फॉर्मवर दशांश मागितला असेल तर महिन्यांना 12 ने भागून टाका. वाक्यात लिहिताना 'सिक्स इयर्स अँड फाइव्ह मन्थ्स' किंवा 'ओव्हर सिक्स इयर्स' लिहा. सहा पूर्ण व्हायला एक-दोन महिने कमी असतील तर 'नियरली सिक्स इयर्स'. 'सिक्स प्लस' जाहिरातीत ठीक दिसतं, वाक्यात 'मोअर दॅन सिक्स इयर्स' बरं.

मधला एप्रिल 2021 मोजू नका आणि लपवूही नका. काही जण महिने गाळून नुसतं '2018–2021' लिहितात. असं लिहिलं की ती नोकरी सव्वादोन वर्षांची असू शकते किंवा चार वर्षांचीही, आणि नेमणूक करणारा बहुधा कमी आकडा धरतो. तारखा आकड्यांत लिहायच्या असतील तर सावध राहा: '04/05/2021' आपल्याला 4 मे, अमेरिकेत ते 5 एप्रिल. महिन्याचं नाव अक्षरात लिहिलं की प्रश्न मिटतो. ॲप्रेंटिसशिप झाली असेल तर ती वेगळी ओळ करून दाखवा आणि एकूण वर्षांत मिसळू नका. ॲप्रेंटिसेस ॲक्ट, 1961 खालची ॲप्रेंटिसशिप हे प्रशिक्षण आहे, कायद्याच्या दृष्टीने ती नोकरी नव्हे, आणि अनेक कंपन्या ती अनुभवात धरत नाहीत. 'फाइव्ह इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स, प्लस अ वन-इयर ॲप्रेंटिसशिप' असं लिहिणाऱ्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही.

व्याकरण सुधारलं तरी रेझ्युमे फसतो तो काम किती तुमचं होतं हे सांगणाऱ्या शब्दांत. 'रिस्पॉन्सिबल फॉर' आणि 'इन्व्हॉल्व्ड इन' ही दोन रूपं सगळ्यात जास्त वापरली जातात आणि सगळ्यात कमी सांगतात. जबाबदारी होती म्हणजे काम झालं असं नाही, आणि सहभाग म्हणजे पाच टक्केही असू शकतो. तुमचंच उदाहरण घ्या, सीएमएम. 'एक्स्पीरियन्स विथ सीएमएम' वाचून मुलाखत घेणाऱ्याच्या मनात तीन शक्यता येतात: तुम्ही प्रोग्रॅम तयार करता, तयार प्रोग्रॅमवर पार्ट लावून मोजता, की सीएमएम रूममधून आलेला रिपोर्ट वाचता. तिन्ही खरी कामं आहेत आणि तिन्हींचा पगार वेगळा. म्हणून 'प्रोग्रॅम्ड', 'ऑपरेटेड' किंवा 'रिव्ह्यूड सीएमएम रिपोर्ट्स', जे असेल ते लिहा. पीपीएपीचं, म्हणजे पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घेण्यासाठीच्या फाइलचं, तसंच. त्यात 18 घटक असतात आणि सादरीकरणाच्या 5 लेव्हल्स. 'प्रिपेअर्ड पीपीएपी' लिहिलं की सगळी फाइल तुम्ही केली असं समजून प्रोसेस एफएमईएवर (प्रक्रियेत काय बिघडू शकतं याच्या विश्लेषणावर) प्रश्न येतो. तुम्ही फक्त मापांचे निकाल आणि एमएसए (मोजमाप पद्धत किती भरवशाची याचा अभ्यास) केला असेल तर 'प्रिपेअर्ड डायमेन्शनल रिझल्ट्स अँड एमएसए स्टडीज फॉर पीपीएपी सबमिशन्स' लिहा. वाक्य लांबलं तरी मुलाखतीत पाय घसरत नाही.

'मॅनेज्ड' म्हटलं की माणसं तुम्हाला रिपोर्ट करत होती, त्यांच्या रजा आणि मूल्यमापन तुमच्या हातात होतं असा अर्थ निघतो. शिफ्टवर लक्ष ठेवत असाल तर 'सुपरवाइज्ड'. बरोबरीच्या लोकांना घेऊन काम पुढे नेलं असेल तर 'कोऑर्डिनेटेड' किंवा 'लेड'. दुसऱ्याच्या कामात हात लावला असेल तर 'असिस्टेड विथ' किंवा 'सपोर्टेड'. यात कमीपणा नाही. दोन वर्षांच्या अनुभवावर सगळीकडे 'मॅनेज्ड' लिहिणाऱ्यावर जास्त शंका घेतली जाते. 'मॅनपॉवर हँडलिंग' हा आपल्या औद्योगिक पट्ट्यातला लाडका शब्द. त्याऐवजी 'सुपरवाइज्ड 12 इन्स्पेक्टर्स ऑन अ शिफ्ट', आकडा खरा टाका. 'फेस्ड कस्टमर ऑडिट्स' वाचून ऑडिट म्हणजे संकट आणि तुम्ही त्याला तोंड दिलंत असं वाटतं. 'टुक पार्ट इन कस्टमर ऑडिट्स' किंवा, ऑडिटरच्या प्रश्नांना तुम्हीच उत्तरं देत असाल तर, 'रिप्रेझेंटेड द क्वालिटी टीम इन आयएटीएफ 16949 ऑडिट्स' (आयएटीएफ 16949 हे वाहन उद्योगाचं दर्जा-मानक).

ज्ञानाची पातळी सांगणाऱ्या शब्दांचीही चढण आहे. 'फॅमिलिअर विथ' म्हणजे काय असतं ते माहीत आहे. 'सम एक्स्पोजर टु' म्हणजे जवळून पाहिलं, थोडं केलं. 'वर्किंग नॉलेज ऑफ' म्हणजे रोजच्या कामापुरतं येतं. 'हँड्स-ऑन एक्स्पीरियन्स विथ' म्हणजे स्वतःच्या हाताने केलं. 'प्रोफिशियंट इन' म्हणजे मदतीशिवाय, अडचणीतही. 'एक्स्पर्ट' हा शब्द मी तरी कोणालाही स्वतःबद्दल लिहू देणार नाही. न आलेल्या गोष्टीबद्दल विचारलं तर 'आय हॅव नॉट एनी एक्स्पीरियन्स' नको. 'आय डोन्ट हॅव एनी एक्स्पीरियन्स विथ मिनीटॅब, बट आय हॅव डन एसपीसी चार्ट्स इन एक्सेल' असं म्हणा (मिनीटॅब हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर). नकार आणि जवळची गोष्ट एकाच दमात. 'रिच अँड व्हास्ट एक्स्पीरियन्स', 'डायनॅमिक', 'गो-गेटर' हे गाळले तर जागा वाचते, दुसरं काही बिघडत नाही.

आकड्यांतली एक चूक क्वालिटीवाल्यांना विशेष नडते. समजा रिजेक्शन 6 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आलं. मराठीत 'चार टक्क्यांपर्यंत आणलं' आणि 'चार टक्क्यांनी कमी केलं' यात कोणी गोंधळत नाही. इंग्रजीत मात्र पहिल्याचं 'रिड्यूस्ड अप टु 4 पर्सेंट' होतं, आणि त्याचा अर्थ 'जास्तीत जास्त चार टक्के घट' असा लागतो. 'रिड्यूस्ड बाय 4 पर्सेंट' म्हटलं तर काटेकोर वाचक 6 चे 4 टक्के काढेल आणि रिजेक्शन 5.76 वर आलं असं समजेल. बरोबर वाक्य: 'रिड्यूस्ड रिजेक्शन फ्रॉम 6 पर्सेंट टु 4 पर्सेंट'. दोन्ही टोकं दिली की वाद नाही. घट सांगायचीच असेल तर ती 'टू पर्सेंटेज पॉइंट्स' किंवा 'वन थर्ड'. ग्राहक पीपीएममध्ये (दहा लाखांत किती) बोलत असेल तर 1 टक्का म्हणजे 10,000 पीपीएम, म्हणजे हेच 60,000 वरून 40,000. शेजारी कालावधी आणि लाइन लिहा, आणि टीमचं काम असेल तर सुरुवातीला 'ॲज पार्ट ऑफ अ फाइव्ह-मेंबर टीम'. कंपनीचे आतले आकडे बाहेर द्यायला मनाई असेल तर टक्के न देता 'बाय अबाउट अ थर्ड' पुरेसं.

भारताबाहेर न चालणारे शब्द पटकन सांगतो. 'पास्ड आउट इन 2018' म्हणजे परदेशी वाचकाच्या लेखी बेशुद्ध पडणं. लष्करी संचलनात तो शब्द रूढ आहे, पण पदवी-डिप्लोमासाठी 'ग्रॅज्युएटेड' किंवा 'कम्प्लीटेड' घ्या. 'फ्रेशर' म्हणजे ब्रिटनमध्ये विद्यापीठातला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. नवख्यासाठी 'रीसेंट ग्रॅज्युएट' लिहा. 'सीटीसी' ऐवजी 'ॲन्युअल सॅलरी', आणि 'लाख' ऐवजी पूर्ण आकडा आणि चलन. 'माय जॉब प्रोफाइल' ऐवजी 'माय रोल'. 'डेप्युटेड टु' ब्रिटिश वापरात 'सेकंडेड टु'. 'मायसेल्फ अमुक' हे मुलाखतीचं सुरुवातीचं वाक्य तर आधी बंद करा, 'आय ॲम अमुक' म्हणा. 'आय बिलाँग टु सातारा' ऐवजी 'आय ॲम फ्रॉम सातारा'.

हे सगळं लावून तुमच्या वरच्या भागाचा मजकूर असा होईल: 'क्वालिटी इन्स्पेक्टर विथ ओव्हर सिक्स इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स इन ऑटोमोटिव्ह कंपोनंट मॅन्युफॅक्चरिंग. हँड्स-ऑन एक्स्पीरियन्स विथ इन्कमिंग, इन-प्रोसेस अँड प्री-डिस्पॅच इन्स्पेक्शन. ऑपरेट अ सीएमएम यूझिंग एक्झिस्टिंग प्रोग्रॅम्स.' प्रोग्रॅम स्वतः बनवत असाल तर शेवटचं वाक्य बदला. मुलाखतीत हेच बोलताना 'आय' आणि क्रियापदं परत येतात: 'आय हॅव बीन इन क्वालिटी फॉर ओव्हर सिक्स इयर्स. आय स्टार्टेड इन जुलै 2018 ॲज अ ट्रेनी, अँड सिन्स मे 2021 आय हॅव बीन वर्किंग ॲज ॲन इन्स्पेक्टर.' पदं अर्थात तुमच्या नेमणूकपत्राप्रमाणे.

कॅनडात स्थायिक होण्यासाठी तिथल्या एक्स्प्रेस एंट्रीसारख्या मार्गाने जायचं असेल तर रेझ्युमेपेक्षा नोकरीच्या पत्राचे शब्द जास्त महत्त्वाचे. आपल्याकडचं 'एक्स्पीरियन्स सर्टिफिकेट' बहुतेक वेळा चार ओळींचं असतं: अमुक ते अमुक काम केलं, वर्तणूक चांगली, शुभेच्छा. तेवढ्याने भागत नाही. लेटरहेडवर सही असलेलं पत्र हवं आणि त्यात पद, तारखा, मुख्य कामं, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि इतर लाभ एवढं हवं. तास यासाठी की तिथे एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव म्हणजे 1,560 तास, आठवड्याला 30 प्रमाणे. तुम्ही आठवड्याला 48 तास काम केलं तरी 30 च्या वरचे तास धरले जात नाहीत, म्हणजे वर्ष लवकर पुरं होत नाही. कामांची यादी तिथल्या व्यवसाय-वर्गीकरणातल्या वर्णनाशी जुळली पाहिजे, पण तिथली वाक्यं जशीच्या तशी उतरवू नका, ते लगेच ओळखू येतं. तुमच्या प्लांटमधली यंत्रं, पार्ट आणि तपासणीचे टप्पे घालून मसुदा स्वतः लिहा आणि एचआरला तयारच द्या. त्यांना चार ओळींपलीकडचं लिहायला वेळ नसतो, तयार मजकूर तपासून सही करायला मात्र बरेचदा तयार होतात. जुनी कंपनी बंद पडली असेल किंवा देतच नसेल, तर का मिळत नाही याचं छोटं स्पष्टीकरण लिहा आणि सोबत नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16, पीएफचं पासबुक लावा. या सगळ्या कागदांवरचं पद आणि तारखा रेझ्युमेशी महिन्यापर्यंत जुळतात का, ते अर्ज पाठवण्याआधी शेजारी ठेवून तपासा. पगाराच्या स्लिपेवर 'ज्युनिअर इन्स्पेक्टर' आणि रेझ्युमेत 'क्वालिटी इंजिनिअर' असेल तर स्लिपेवरचं पद ठेवा आणि तुम्ही खरंच काय करत होता ते खालच्या मुद्द्यांत येऊ द्या.